शनिवारचे मेक्सिकन सिनेमे

रिटायर झाल्यावर ह्यांनी स्पॅनिश शिकायला घेतलं. "ब्रॅकनेलच्या ऑफिसात इतकी वर्षं कॉम्प्युटरची भाषा बोललो, आता माणसांची एखादी शिकतो," म्हणाले. लंडनमध्ये एजवेअरला आमच्या घराजवळच संध्याकाळचा क्लास होता. तिथल्या टीचरनं सांगितलं, जुने मेक्सिकन सिनेमे बघा, कान तयार होईल. मग शनिवारी दुपारी जेवणं उरकली की आम्ही दोघं पडदे ओढून टीव्हीसमोर बसू लागलो. मला स्पॅनिशचं एक अक्षरही येत नव्हतं. माझी सगळी भिस्त सबटायटल्सवर.

पण त्या सिनेमांनी मला धरूनच ठेवलं. ब्लॅक अँड व्हाइट, माझ्या जन्माच्याही आधीचे. एका चौकाभोवती दाटीनं राहणारी बिऱ्हाडं, नळावरची भांडणं, घोड्यावर बसून गाणारे गडी, डोक्यावरून शाल घेतलेल्या आया. रडवायचे तेव्हा पोटातून रडवायचे. आणि कॉमेडीत हमखास एक ढगळ पँटवाला बडबड्या असायचा. पोलिसानं साधा प्रश्न विचारला, की हा वाक्याला वाक्य जोडत सुटायचा आणि शेवटी काहीच सांगितलेलं नसायचं. त्याच्यावर हे फिदा होते. दोन-दोनदा तोच सीन लावायचे.

एकदा सकाळी मी विचारलं, "अहो, चहाचा डबा कुठे ठेवलात?"

"ते काय आहे, ते असतं ना तिथे, म्हणजे त्याच्या त्या बाजूला, ते आपलं जे आहे, तसं ते..."

हुबेहूब! मी ओट्याला धरून हसले. ते हसले नाहीत. हात हवेत तसाच धरून उभे राहिले.

मुलगी हाउन्सलोला राहते. इथेच वाढलेली, तिचं मराठी मोडकंतोडकं. रविवारी जेवायला आली होती. हे वर गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "आई, बाबा असं का बोलते?"

"अगं, सिनेमातल्याची नक्कल करतात."

"नाही आई. फोनवर पण तसंच बोलते, माझ्याशी. ही इज नॉट जोकिंग."

मी विषय बदलला. पण त्यानंतर ह्यांचं प्रत्येक वाक्य मी कान देऊन ऐकायला लागले.

पुढच्या एका शनिवारी रडका सिनेमा होता. मुलाला पोलीस घेऊन जातात आणि म्हातारी आई खिडकीत उभी. संवाद नाही, संगीत नाही. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. माझे डोळे भरून आले, आणि शेजारी हे मोठ्यानं हसले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बिचारी, खिडकीतून हलतसुद्धा नाही."

"खिडकी म्हणजे?"

"मला स्पॅनिश कुठे येतं? तुम्हीच सांगा."

"स्पॅनिश नाही," ते शांतपणे म्हणाले. "खिडकी. खिडकी म्हणजे काय?"

मी उठून पडदा बाजूला केला. "ही."

त्यांनी तिकडे पाहून मान हलवली. बसमध्ये अनोळखी माणूस काही सांगू लागला, की आपण सभ्यपणे हलवतो तशी.

मग आमचे जीपी डॉक्टर, स्कॅन, मेमरी क्लिनिक. डॉक्टरबाईंनी चित्रं दाखवली. उंटाला हे कुत्रा म्हणाले, घोड्यालाही कुत्रा. बाई म्हणाल्या, आधी शब्दांचे अर्थ जातात, मग वस्तूंची ओळख, पुढे माणसांचीही. किती दिवसांत, ते त्यांनी सांगितलं नाही. कारपार्कमध्ये मुलगी रडली. हे तिच्या पाठीवरून हात फिरवत प्रसन्न हसत होते.

क्लास सुटला. शनिवार आम्ही सोडलेला नाही. ते खालची अक्षरं वाचत नाहीत, नुसते चेहरे बघतात. त्यांच्यामुळे मीही बघायला शिकले. ते नट नुसत्या भुवईनं, शालीच्या टोकाशी चाळा करत किती सांगून जातात! पण रडण्याचा सीन जवळ आला, की माझं लक्ष पडद्यावरून उडतं आणि मी ह्यांच्या तोंडाकडे बघत बसते.

गेल्या शनिवारी त्यांनी मध्येच माझ्या दंडावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. लांबलचक वाक्य होतं. चढउतार अगदी बरोबर, शेवटी प्रश्नाचा सूरही. आत शब्द एकही नव्हता. ते उत्तराची वाट पाहत होते.

"हो," मी म्हटलं.

त्यांचं समाधान झालं. ते पुन्हा सिनेमा बघू लागले. मी कशाला हो म्हटलं होतं, ते मला अजून ठाऊक नाही.