माच्याची रवी

भोरच्या एका बँकेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या सौदामिनीबाईंना माच्याचं, म्हणजे घुसळून प्यायच्या जपानी हिरव्या चहाचं, वेड लावलं ते त्यांच्या लेकीनं. चैत्राली ओसाकाला नोकरी करते. सौदामिनीबाईंना साखर निघाली, गोड चहा सुटला आणि त्यांचं सकाळी कशातच मन लागेना. तेव्हा लेकीनं येताना हिरव्या पुडीचा डबा, जाडसर वाडगा, बारीक गाळणी आणि बांबूची एक छोटीशी रवी आणली. ती रवी म्हणजे बांबूचं एकच पेर केसासारखं बारीक चिरलेलं.

पूड चाळायची, पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही, मनगट सैल ठेवून फेस येईस्तोवर घुसळायचं. हे सगळं बाईंनी मन लावून शिकून घेतलं. रवी साबण न लावता विसळून सावलीत उभी ठेवायची. या भांड्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अशी घरात ताकीदच होती.

भांडी घासायला रतनबाई यायच्या. मूळच्या मार्गासनीच्या, भोरला लेकाच्या खोलीवर राहायच्या. अकरा वर्षं घराची एक किल्ली त्यांच्याकडे होती आणि अकरा वर्षांत बाईंनी त्यांना कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

एका सकाळी बाईंचे यजमान उपेंद्रराव माचा पिताना एकदम कळवळले. हिरडीत बांबूची काडी घुसली होती. बाईंनी रवी उलटून पाहिली तर मधल्या निम्म्या काड्या तुटलेल्या. शेजारच्या मितालीताई तेव्हा विरजण मागायला स्वयंपाकघरात आलेल्या होत्या.

"घासणीनं घासलीस ना ही?" सौदामिनीबाई म्हणाल्या.

"न्हाई बाई. म्या हात बी लावला न्हाई."

"मग काय आपोआप तुटली? अकरा वर्षं विश्वास ठेवला, आणि तोंडावर खोटं बोलतेस."

रतनबाईंनी हातातली कढई विसळून पालथी घातली, पदराला हात पुसले आणि कनवटीची किल्ली सोडून ओट्यावर ठेवली. त्या परत आल्या नाहीत.

महिन्याभरानं चैत्रालीनं नवी रवी पाठवली आणि व्हिडिओ कॉलवर म्हणाली, कर बघू माझ्यासमोर. बाईंनी डब्यातून रवी काढली आणि थेट वाडग्यात घातली.

"आई, भिजवली नाहीस?" लेक म्हणाली. "कोरडी घातलीस तर काड्या मोडतात. आधी कोमट पाण्यात ठेवायची. मी सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. सुरुवातीचे काही दिवस बाई भिजवतही होत्या. मग घाई होऊ लागली, मग विसरच पडला. बोलता बोलता फेसावर दोन काड्या तरंगून वर आल्या. बाईंनी मोबाईल पालथा ठेवला.

त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. रतनबाई एकदा ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, की आमचा कुंडलिकदादा पाट्या विणतो, तो बांबूच्या कामट्या आधी भिजत घालतो, न्हाईतर कडाकडा मोडत्यात. तुमी बी ही भिजवत जा. तेव्हा बाई हसल्या होत्या. जपानची वस्तू आहे ती, असं काहीसं बोलल्याही होत्या.

रतनबाईंकडे जायला हवं होतं, पण त्यानंतरचे तीन आठवडे त्यांनी दुखऱ्या गुडघ्याच्या नावावर काढले. यजमानांनाही काही सांगितलं नाही. रोज माचा करायच्या, रवी आठवणीनं भिजवायच्या, आणि ती पाण्यात असेतो समोर उभं राहणं त्यांना नकोसं व्हायचं. शेवटी एका सकाळी एसटीनं चेलाडीला उतरल्या, वेल्ह्याची गाडी धरली आणि मार्गासनीला पोचल्या.

रतनबाई भावाच्या खळ्यावर भात झोडपत होत्या. त्यांनी पाणी दिलं, पोतं अंथरून बसायला सांगितलं. सौदामिनीबाईंनी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, तुम्ही खरं बोलत होतात, आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. कामावर परत या, असंही म्हणाल्या.

रतनबाईंनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"बाई, तुमी बोलला त्या मितालीताईंम्होरं. चार दिसांत त्यांचं धरून माझी बाकीची तिन्ही घरं सुटली. कुनी तोंडानं बोललं न्हाई, नुसतं नको म्हनाले. म्हनून म्या हितं आले. आता हितं खळ्यावर कबूल करून कुनाला कळनार?"

बाईंना हे ठाऊक नव्हतं. आपल्या घरातून गेल्या त्या गावी गेल्या, एवढंच त्यांनी धरलं होतं. चौकशी म्हणून केली नव्हती. त्या पोत्यावर खाली बसल्या. रतनबाई पुन्हा झोडपू लागल्या. दुपारच्या गाडीची वेळ मात्र त्यांनीच सांगितली.

भोरला उतरल्यावर सौदामिनीबाई घरी न जाता आधी मितालीताईंच्या दारात गेल्या. मग उरलेल्या दोन घरी. बँकेत कुणाच्या खात्याबद्दल चुकूनही दुसऱ्यापाशी न बोललेल्या बाईंना तेच वाक्य तीनदा म्हणावं लागलं: "रवी मी तोडली आणि आळ रतनबाईंवर घेतला." तिसऱ्या घरी कुणीतरी म्हणालं, अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला. बाई म्हणाल्या, एवढीशी नाही ती. रात्री जेवताना त्यांनी उपेंद्ररावांनाही सांगितलं. ते म्हणाले, मला वाटलंच होतं. मग का बोलला नाहीत, हे त्यांना विचारायचा धीर बाईंना झाला नाही.

भाताची कामं उरकल्यावर रतनबाई भोरला परत आल्या. मितालीताईंकडे आणि त्या दोन घरी लागल्या. सौदामिनीबाईंकडे मात्र नाही. बाजारात भेट झाली की थांबतात, गुडघ्यांची चौकशी करतात. सौदामिनीबाई त्यांना एकदाही परत या म्हणालेल्या नाहीत. आपली भांडी त्या आता स्वतःच घासतात.