सपाट मुलखात डोंगराची तयारी

अक्काचं बाळ हिवाळ्यात गेलं आणि आम्हाला ते उन्हाळ्यात कळलं. मेहुणे सैन्यातून सुटून पंजाब सरकारच्या नोकरीत लागलेले डॉक्टर. त्यांची बदली लाहूलच्या दवाखान्यात झाली होती. तिथे जायचं तर कुलूच्या वरची तेरा हजार फुटांची खिंड पायी ओलांडावी लागे. बर्फ पडलं की खिंड बंद. मग आतले लोक आत, बाहेरचे बाहेर, आणि बातम्या जिथल्या तिथे.

मी तेव्हा कतारमध्ये दुखानला तेलकंपनीच्या कॅम्पात टाइमकीपर होतो. आईला हे नाव कधीच नीट ऐकू आलं नाही. ती गावात सांगायची, मधला परदेशात दुकानात आहे. सत्तावन्न साल असेल. गावचा एक माणूस बोटीने नोकरीवर आला आणि तिचा निरोप घेऊन माझ्या खोलीवर उभा राहिला.

"तुझी आई म्हणते, कुणीतरी जाऊन पोरीला बघून या. थोरल्याची शेती आहे, धाकट्याची परीक्षा आहे. तू तसाही बाहेरच आहेस."

आईच्या मते माणूस एकदा घराबाहेर पडला की त्याला सगळ्या जागा सारख्याच लांब. त्यात चूक काढता येईना. शिवाय आईच्या आजारपणात मला अक्कानेच वाढवलं होतं. माझी रजा पुढच्या उन्हाळ्यात होती. खिंडही उन्हाळ्यातच उघडायची. हातात जवळजवळ वर्ष होतं.

अडचण एवढीच की मी चालत नव्हतो. कामगार फाटकातून आत जाताना खिडकीत बसून त्यांच्या वेळा लिहायच्या, हे माझं काम. खोली ते मेस आणि मेस ते खिडकी, एवढाच माझा प्रवास. मी कॅम्पातल्या डॉक्टरकडे गेलो. तो इंग्रज होता आणि पूर्वी पंजाबात राहिलेला होता. त्याने छातीला नळी लावली.

"सगळ्यात उंच कुठे चढलायस?"

"पाण्याच्या टाकीवर, साहेब."

"काय झालं?"

"खाली उतरलो."

त्याने नळी काढून ठेवली आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर क्षितिजापर्यंत पाहण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाला, "पाठीवर ओझं घेऊन चढायची सवय कर. आणि तिथे गेल्यावर लाज वाटेल इतकं हळू चाल. लाज वाटली नाही, तर तू फार वेगात आहेस असं समज."

दुखानला जबल होता. जबल म्हणजे डोंगर, पण त्याने स्वतः तसा दावा कधी केला नसावा. किनाऱ्याला समांतर पसरलेला तो चुनखडीचा उंचवटा होता. माथ्यावर उभं राहिलं की मेसमध्ये आज काय शिजतंय ते वासावरून कळायचं. पण कतारमध्ये याहून उंच काही नव्हतं, त्यामुळे निवडीचा प्रश्न आला नाही. कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट घातले, पोत्यात वाळू भरली, पोतं पाठीवर बांधलं आणि उजाडताना चढायला लागलो. वर पोचलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. ऊन तापेपर्यंत हेच.

पायथ्याशी कंपनीच्या तेलाच्या नळांवर एक कतारी पहारेकरी असे. पिकल्या दाढीचा, तरुणपणी मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारलेला. आठवडाभर त्याने नुसतं पाहिलं. मग एका सकाळी हाक मारली. माझं अरबी फाटकावरच्या कामापुरतं होतं आणि त्याचं हिंदी साधारण तेवढंच.

"पोत्यात काय आहे?"

"वाळू."

"कुठे नेतोस?"

"वर."

त्याने वर पाहिलं. "वरती वाळू आहे," तो मला समजावून सांगायच्या सुरात म्हणाला.

"मी परत आणतो," मी म्हटलं.

त्याने मला जाऊ दिलं. पण त्या दिवसापासून तो कॉफी तयार ठेवू लागला. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला उपाशी ठेवू नये, असा काहीतरी हिशेब असावा.

खोलीत माझ्यासोबत मुरूडचे एक गृहस्थ होते. वयाने मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. चाचा कंपनीच्या थंड कोठाराचे मुकादम होते. बोटीने आलेलं मटण आणि लोणी तिथे ठेवलं जाई. माझी तयारी त्यांना अपुरी वाटत होती.

"चढशील रे तू," चाचा म्हणाले. "पण थंडीचं काय? तू तर पंख्याखाली चादर घेतोस."

"मग काय करू?"

"माझ्याकडे येऊन बस. मटणाला हात मात्र लावू नको."

अशा रीतीने बाहेर माणसं सावली शोधत असताना मी रोज दुपारी टांगलेल्या मेंढ्यांच्या दोन रांगांमध्ये लोण्याच्या खोक्यावर बसू लागलो. पहिल्या दिवशी दात इतके वाजले की चाचांनी दार उघडून विचारलं, काय हवंय का. हळूहळू सवय झाली. मी आत जागच्या जागी पावलं टाकायला सुरुवात केली. मेसचा इंग्रज व्यवस्थापक एकदा कोठार तपासायला आला. त्याने दार उघडलं तेव्हा मी लोकरीची टोपी घालून, पाठीवर पोतं घेऊन मेंढ्यांसमोर चालत होतो.

"तू इथे काय करतोयस?"

"बहिणीला भेटायची तयारी, साहेब."

त्याने दार लावलं. मग पुन्हा उघडलं. मी होतोच. त्याने चाचांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण चाचा संध्याकाळी म्हणाले, "खलास. आता जेवढी थंडी शिकलास तेवढीच."

पहारेकऱ्याला खरं कारण सांगायला मला फार दिवस लागले, कारण शब्द नव्हते. शेवटी चाचांना सोबत नेलं. त्यांचं अरबी चांगलं होतं. त्यांनी खिंडीचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं. म्हातारा हसत ऐकत होता. मग चाचांनी बहिणीचं आणि बाळाचं सांगितलं. म्हाताऱ्याने हातातला पेला खाली ठेवला.

"किती दिवसांचं होतं?"

"महिन्याचंही नव्हतं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने मला श्वास रोखून धरायला शिकवलं. समुद्राच्या तळाशी ते उपयोगी पडतं. डोंगरावर त्याचा काही उपयोग नाही, हे मला नंतर कळलं, पण त्याच्यापाशी देण्यासारखं जे होतं ते त्याने दिलं. मी निघायच्या आठवड्यात त्याने एक गाठोडं आणलं. त्यात फरवा होता. वाळवंटातल्या थंडीत वापरतात तो, आतून मेंढीच्या लोकरीचा पायघोळ झगा. जुना होता, उंटाचा वास मारत होता.

"तुझ्या बहिणीला," तो म्हणाला. मी नको म्हणालो तर त्याने हाताने मला पुढे ढकललं. "यल्ला."

चाचांनी घरून आलेले सुक्या कोळंबीचे सोडे बांधून दिले. "चार वर्षं मासळी नाही खाल्ली म्हणतोस पोरीनं? हे घेऊन जा. आणि तिला सांग, पाणी बेतानंच घाल."

बोटीने मुंबई, रेल्वेने पठाणकोट, मग बस, आणि बस संपली तिथून पाय. खालच्या गावात खेचरांचा तांडा भेटला. तांड्याचा म्होरक्या पोरासोरांना नेल्यासारखं मला सांभाळत होता. खेचरांना सोड्यांचा वास आवडला नाही, म्हणून ती पुरचुंडी मीच पाठीवर घेतली. दुपारी वर वारा सुटतो आणि त्यात माणसं जातात, म्हणून पहाटेच निघालो.

पाय चालले. वर्षभर वाळू वर नेऊन खाली आणली त्याचं चीज झालं. पोटाने मात्र तयारीत भाग घेतला नव्हता. अर्ध्यावर डोकं ठणकायला लागलं आणि मी एका खडकाआड ओकलो. डॉक्टरने सांगितलं होतं तसा हळू चालत होतो. पाठीवर बोचकं घेतलेली एक लाहुली म्हातारी हाताने लोकर कातत माझ्या शेजारून गेली. पुढे एका दगडावर ती बसली, मी तिला ओलांडलं, तिने पुन्हा मला ओलांडलं. धागा एकदाही तुटला नाही. मला लाज वाटली, तेव्हा वेग बरोबर असणार.

माथ्यावर दगडांचे ढीग होते, त्यांवर चिंध्या फडफडत होत्या. म्होरक्याने एक दगड ठेवला. मीही ठेवला. मग आम्ही उतरलो, आणि उतरताना मी रडलो. का ते माहीत नाही. म्होरक्या म्हणाला, "इथे बऱ्याच लोकांना होतं, हवा विरळ आहे."

अक्का दवाखान्याच्या अंगणात बटाटे निवडत होती. तिने वर पाहिलं. मेहुण्यांनी तिला सांगितलं होतं की मी येणार, पण तिने ते खरं मानलं नव्हतं.

"काय रे, किती काळा झालास," ती म्हणाली. "जेवलास?"

दोन दिवस ती बाळाबद्दल बोलली नाही. सोडे करून वाढले, फरवा खांद्यावर घेऊन पाहिला, "हा कुणाचा वास?" म्हणाली, मी उंटाचा म्हणालो, ती बरं म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने चपला घातल्या आणि म्हणाली, चल. नदीच्या वर विलोच्या झाडांजवळ एक लहानसा दगडी चौथरा होता. जमीन गोठलेली होती म्हणून गावच्या लोकांनी आधी तिथे आग पेटवली, मग खणलं, असं तिने सांगितलं. तिचा आवाज कुठेही अडखळला नाही. मग ती खाली बसली आणि आमच्या गावच्या बोलीत, जशी लहानपणी बोलायची तशी, बोलत सुटली. मेहुण्यांशी ती शहरी मराठी बोलायची, शेजाऱ्यांशी मोडकं हिंदी. ते बाळ कुणासारखं दिसायचं, कसं जांभई द्यायचं, हे सांगायला तिला दीड वर्ष कुणी मिळालं नव्हतं. मी ऐकत होतो. एवढंच काम होतं आणि त्याची तयारी मी केलेली नव्हती.

निघताना ती मला पहिल्या चढापर्यंत सोडायला आली.

"तुझ्याकडे कसं आहे रे?"

"सपाट आहे."

तिने चारी बाजूंच्या कड्यांकडे पाहिलं. "म्हणजे येणारं माणूस लांबूनच दिसत असेल."

"दिसतं. तासभर आधी."

"बरं," ती म्हणाली आणि वळली.

दोन वर्षांनी मेहुण्यांची बदली खाली पठाणकोटला झाली. तिथे अक्काला मुलगी झाली. या वेळी आईने निरोप पाठवला नाही. धाकट्याची परीक्षा संपली होती, आई त्यालाच घेऊन अक्काकडे गेली.