वन्संनी स्वतःविरुद्ध लिहिलेलं पत्र

आमच्या वन्सं, म्हणजे यांची आमच्याकडेच राहणारी धाकटी बहीण, विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कक्षात समुपदेशक आहेत. बावीस वर्षं झाली. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि मध्ये टेबल नाही. ते त्यांनीच काढायला लावलं. कुणाला वसतिगृहात करमत नाही, कुणाला परीक्षेची धास्ती, कुणाचा घरच्यांशी अबोला. येशूचं नाव त्या तिथं घेत नाहीत. "मुलं रडायला येतात, प्रवचनाला नाही," म्हणतात. पण मूल बाहेर पडलं की मिनिटभर डोळे मिटून बसतात. "मॅडमना डुलकी लागते," असं तिथल्या शिपायाचं म्हणणं!

चूक झाली ती आमच्याच घरात. दर बुधवारी दुपारी चर्चच्या मंडळीतल्या आम्ही सात-आठ बायका पुढच्या खोलीत प्रार्थनेला बसतो. एका बुधवारी वन्संनी कक्षात येणाऱ्या एका मुलीसाठी प्रार्थना मागितली. नाव घेतलं नाही, पण ती कुठल्या वर्गात आहे आणि घरापासून काय लपवतेय, ते बोलून गेल्या. (काय लपवत होती ते मी इथंही लिहिणार नाही.)

आमच्यातल्या शिवणवाल्या बाई त्याच वसतिगृहातल्या मुलींचे कपडे शिवतात. त्यांनी बरोब्बर ओळखलं. माप घेता घेता मायेनं म्हणाल्या, "काळजी करू नकोस हं बाळा, आम्ही सगळ्या तुझ्यासाठी प्रार्थना करतोय."

पुढच्या बुधवारी त्यांनीच हे कौतुकानं सांगितलं. वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. ती मुलगी आठवडाभर कक्षाकडे फिरकली का नव्हती, ते त्यांना तेव्हा कळलं.

"अहो, प्रार्थनाच तर केली," सगळ्या गेल्यावर मी म्हटलं. "नाव कुठं घेतलंत?"

"वहिनी, तिनं विश्वास माझ्यावर टाकला होता, तुम्हा सगळ्यांवर नाही. मी प्रार्थनेच्या आडून चहाडी केली."

कुणाची तक्रार नव्हती. सोबतच्या कारकुनानं तर हात जोडले, "मॅडम, कशाला पायावर धोंडा मारून घेताय?" तरी वन्संनी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून विभागप्रमुखांना पत्र लिहिलं. मी वाचलं. एक पानभर होतं, आणि त्यात 'चुकून' हा शब्द कुठंही नव्हता.

मग वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन त्यांनी मुलीची माफी मागितली. तिथलं बोलणं मला पुढं त्या मुलीनंच सांगितलं.

"आता तुमच्याकडे कुठल्या तोंडानं येऊ?" ती म्हणाली होती.

"नको येऊस. दुसऱ्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे जा. पण मी काय केलं ते तुला माझ्याच तोंडून कळायला हवं. साहेबांनाही लिहून दिलंय."

मुलगी आत निघून गेली.

साहेबांनी वन्संना तीन महिने समुपदेशनातून काढलं आणि ओळखपत्रांच्या खिडकीवर बसवलं. हे घरी चिडले, "बावीस वर्षांनी फोटो चिकटवायचे?"

"दादा, सरळ चिकटवते. वाकडा एकही नाही."

बुधवारी त्यांनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. शिवणवाल्या बाई हमसून रडल्या. त्यांचे डोळे वन्संनीच पुसले. तेव्हापासून प्रार्थनेत आम्ही 'एक लेकरू' एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. देवबापाला तपशील ठाऊक असतो.

परवा शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात एक मुलगी, हातात फोन घट्ट धरलेला.

"मॅडम आहेत? घरी सगळं सांगायचंय. त्यांनी साहेबांना स्वतःहून सांगितलं ना, तसं. पण एकटीनं फोन लावायला होत नाहीये."

ही तीच, हे मी तेव्हा ओळखलं. वन्सं पुढं आल्या. तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं. माझा जीव कानात गोळा झाला होता, खोटं कशाला बोलू! पण मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि सकाळचीच घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. वन्संनीच शिकवलं होतं: विश्वास तिनं त्यांच्यावर टाकला होता, माझ्यावर नाही.