रेस दिली तरी उजेड वाढेना

तूर फुलावर येते त्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळ घाईघाईनं उरकते. त्या हिवाळ्यात मला ती सोसेनाशी झाली होती. आर्णीहून घरी यायचं, हातपाय धुवायचे, चहाचा कप घ्यायचा आणि कप तसाच हातात धरून फाटकापाशी जायचं. तिथून परत ओसरीवर, ओसरीवरून परत फाटकापाशी. चहा कधीच थंड झालेला असायचा. आई मेथी निवडता निवडता म्हणायची, "बस न एका जाग्यावर. तुह्या येरझाऱ्यायनं थो लवकर येणार हाये का?"

थो म्हणजे माझा बाबा. तो मोटारसायकलवर शेतातून यायचा असायचा. शेत दिग्रस रस्त्याला, गावापासून बरंच लांब. त्या मोसमात जिनिंग मिलकडे जाणाऱ्या कापसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरून जातो. एकीलाही मागे दिवा नसतो. काही दिवसांपूर्वी अंधार पडता पडता बाबा गाडीसकट रस्त्याच्या खाली उतरला होता. गुडघा सोलला, आरसा फुटला, एवढ्यावरच निभावलं. जो भेटेल त्याला तो एकच सांगत होता, "गाडीची लाईटच फाकत नाही. चार्जिंगचा लोचा हाये." आणि तो लोचा शोधायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं होतं.

ते साहजिकच होतं म्हणा. आर्णीत एका दुकानात मी मोटारी भरते. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती उचलून आणतात, मी आतलं जळकं तांबं काढून नवं गुंडाळते. कॉइल म्हटलं की माझे हात आपोआप पुढे जातात. पण हे काम नेहमीचं नव्हतं. बिघाड सापडला नाही तर बाबा एखाद्या ट्रॉलीखाली जाईल, असं मला सरळसरळ वाटत होतं. कामावर असतानाही फोन वाजला की हातातलं तांबं तसंच टाकून धावायचे.

सुटीच्या दिवशी अंगणात गाडी मुख्य स्टँडला लावली आणि साईडचं कव्हर उघडलं. बाबा खाटेवर बसून सुपारी कातरत होता. "काय इंजिनेरीनबाई, वाचते का पेशंट?" म्हणाला. मी मीटरच्या तारा सोडवत राहिले. काम करताना कुणी बोललं की माझं डोकं फिरतं, हे त्याला चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच तो बोलतो.

गाडी बंद असताना मीटर बॅटरीला लावला. बारा व्होल्टही भरेनात. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. काहीतरी सापडणार होतं. मग गाडी चालू करून रेस दिली, तर आकडा सरसर चढून चौदाच्या वर जाऊन थांबला. म्हणजे मॅग्नेटची कॉइल करंट बनवत होती आणि रेग्युलेटर तो नीट बॅटरीकडे सोडत होता. तरी समाधान होईना. कॉइलच्या तारा सोडवून वेगळ्या तपासल्या, त्या बॉडीला कुठं लागत नव्हत्या. किल्ली बंद ठेवून करंट कुठं गळतोय का तेही पाहिलं. तेही नाही. बॅटरी म्हणजे करंटची टाकीच, ती नीट भरत होती, गळत कुठं नव्हती, आणि तरी रिकामी सापडत होती. मी पाना आपटला. कोंबड्या पळाल्या.

पाना उचलायला वाकले तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर लक्ष गेलं. शिशावर चिमट्याच्या दातांचे ताजे ओरखडे होते.

"बाबा, तू फवारणीचा पंप गाडीवर लावतो का?"

"सगळेच लावते," बाबा म्हणाला. "लय वेळ नाही. भाकर खाईस्तोर."

आमच्याकडे शेतातली लाईन बहुतेक रात्रीच येते. दिवसा अर्ध्या वावरात पंपाची बॅटरी बसली की लोक पंप गाडीपाशी आणतात, चिमट्यांची वायर गाडीच्या बॅटरीला लावतात आणि पळसाखाली शिदोरी सोडतात. गाडी बंदच असते. पंप तिचं रक्त पिऊन घेतो आणि संध्याकाळी म्हणायचं, गाडीत दम नाही. मी बाबाला इतकं बोलले की आई आतून म्हणाली, "पुरे आता, बाप हाये थो तुहा."

दुकानातून पंपासाठी जास्तीची एक बॅटरी आणून दिली. ती घरीच भरायची आणि सोबत न्यायची, असं ठरलं. गाडीची बॅटरी दोन-तीन दिवसांत सावरली. खबरदारी म्हणून हेडलाईटचा बल्बही नवा टाकला. बिघाड सापडला म्हणून मी दुकानात सगळ्यांना सांगत सुटले. त्या आठवड्यात चहा गरम प्यायले.

पण गाडीचा आवाज काही बदलेना. बाबाची आधीची गाडी जुन्या पद्धतीची होती. तिच्या लाईटला थेट मॅग्नेटचा करंट जायचा, त्यामुळे रेस दिली की उजेड वाढायचा. अंधारात जुनी माणसं दुसऱ्या गिअरमध्ये रेस ताणून चालायची, ती यासाठीच. ही नवी गाडी तशी नाही, हिची लाईट बॅटरीवर चालते, कितीही रेस द्या, उजेड तेवढाच. हे मी बाबाला कितीदा तरी सांगितलं होतं. तरी रोज दिवस मावळला की रस्त्याकडून दुसऱ्या गिअरमधलं ते रडणं ऐकू यायचं. आधी मला त्या आवाजानं हायसं वाटायचं, आता संताप यायला लागला.

"लाईट नाहीच फाकत," गाडी लावता लावता बाबा म्हणाला.

"मीटर खोटं नाही बोलत. तू बोलतो."

तो हातपाय धुवायला निघून गेला. त्यानं उलट काही सुनावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आर्णीहून ऑटोनं थेट शेतावर गेले. म्हटलं, दाखव मला, कुठं पडत नाही तुझी लाईट. परत निघताना त्याच्या मागे बसले. दिवस नुकताच बुडाला होता, पश्चिमेला अजून लाली होती. लाईट झकास पडत होती. बाभळीच्या काट्यांना अडकलेले कापसाचे पुंजकेही मला दिसत होते. मी जिंकले होते. आता घरी जाऊन काय काय बोलायचं, ते मनात जुळवत होते.

पुढे एक ट्रॉली उभी होती. टायर पंक्चर झालेला असावा, चाकामागे दगड लावलेले होते. कापूस दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला, पांढरी भिंत उभी केल्यासारखा. आमच्या लाईटमध्ये ती ट्रॉली लख्ख दिसत होती. बाबा आता वेग कमी करील, मला वाटलं. आता करील. रेस तशीच होती.

"बाबा, थांब. ट्रॉली हाये."

त्याचा खांदा मी जवळजवळ उपटलाच. ब्रेक लागला, गाडी तिरपी झाली आणि पुढचं चाक त्या दगडाला जाऊन टेकलं. ट्रॉलीवाल्यानं खाली उतरून आमच्या सात पिढ्या काढल्या. बाबा ते ऐकतच नव्हता. मान माझ्याकडे वळवून त्यानं हळूच विचारलं, "तिच्यावर लाईट पडली होती का वं?"

"पडली होती," मी म्हणाले.

उरलेल्या रस्त्यावर आम्ही दोघंही गाडीवर बसलो नाही. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी, गाडी ढकलत घरी आणली. आईनं विचारलं तर पेट्रोल संपलं म्हणून सांगितलं.

मला झोप लागली नाही. सगळ्या जोडण्या मनातल्या मनात पुन्हा तपासल्या. एखादी तार तरी कुठं घासलेली निघावी, असं वाटत राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी बिघाड निघावा म्हणून देवाला हात जोडले.

सकाळी उठले तर बाबा अंगणात गाडीपाशी उभा. कव्हर त्यानंच काढून ठेवलं होतं.

"आणखी एक डाव लाव तुहा मीटर."

मी लावला. त्यानं गाडी चालू केली आणि रेस धरून ठेवली. मग वाकून मीटरजवळ तोंड नेलं, अगदी वास घेतल्यासारखं. मीटरवरचे आकडे बोटाएवढे मोठे आहेत.

"किती?"

बारा म्हणाले असते तर तो खूश झाला असता. मग मी कॉइल बदलली असती, रेग्युलेटर बदलला असता, एकेक करून सगळ्या तारा बदलल्या असत्या, आणि तो रोज संध्याकाळी त्याच रस्त्यानं आला असता.

"चौदा," मी म्हणाले.

त्यानं रेस आणखी वाढवली. "आता?"

"चौदाच हाये बाबा."

त्यानं गाडी बंद केली. "मंग गाडी चांगली हाये," म्हणाला. उपरण्यानं उगाचच सीट पुसत राहिला. "मले वाटे, गाडीतच निघन काहीतरी. कॉइल तं भेटते बाजारात."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही, तसंही त्याला ते दिसलं नसणार. त्यानं किल्ली काढून पुढे धरली आणि म्हणाला, "चाल, घेऊन चाल यवतमाळले. डोळे दाखवून येऊ."

बाबा माझ्या मागे बसला. पाय कुठं ठेवायचे ते त्याला कळेना, मीच खाली उतरून फूटरेस्ट उघडून दिले. आर्णी मागे पडेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. थोड्या थोड्या वेळानं तो खांद्यावर बोट टेकवून विचारायचा, समोर काय हाये. मी सांगायचे, काही नाही, रस्ता हाये. बकऱ्या हायेत. शाळेतली पोरं हायेत. मी मनाला समजावत होते, शिकवायला म्हणून तो मुद्दाम विचारतोय. नव्यानं गाडी शिकले तेव्हा तो असाच विचारायचा.

मग समोरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक आला. निम्म्याहून जास्त रस्ता त्यानं व्यापला होता, काचेवर ऊन चमकत होतं.

"समोर काय हाये?"

"ट्रक हाये."

खांद्यावरचं बोट घट्ट झालं. "कोणत्या बाजूनं?" बाबानं विचारलं.