माइक हुंकार देत नाही

नोव्हेंबर २००६, अमेरिकेतल्या रेडमंडची सकाळची बस. हजर: ड्रायव्हर, मी आणि मांडीवर रेकॉर्डर घेतलेले एक गृहस्थ. माझ्या हातातलं मराठी मासिक पाहून त्यांनी विचारलं, "ताई, जरा हुंकार द्याल?"

"कशाला?"

"बरीच वर्षं जपानात होतो. तिथे ऐकणारा सारखा 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो' म्हणतो. तिथल्या दिवसांवर पॉडकास्ट करायचाय, पण माइक गप्प असतो यार, मी अडतो. दरवेळी रेकॉर्डिंग कॅन्सल करतो."

मी गोंधळून "हं" म्हणाले. ते ओसाकाच्या घरमालकिणीबद्दल बोलू लागले आणि आवाज हळूहळू मोकळा झाला. माझा स्टॉप आला. मी उतरले असते तर ते पुन्हा अडले असते. मी बसून राहिले, हं म्हणत.

संपल्यावर ते कमरेत वाकले. मला की रेकॉर्डरला, कळलं नाही.

ऑफिसात मॅनेजरला त्या दिवशीच्या उशिराचं खरं कारण सांगायचं अजून राहिलंय.