रस्ता दिलेल्या गावचे तात्या

एकट्यानं जेवणारा माणूस दिसला की तात्यांचं डोकं फिरायचं. दुबईत अल क्वोजच्या टाइल्सच्या गोदामात लागलो त्याच दुपारी मी कोपऱ्यात डबा उघडला, तर हा सहा फुटी येमेनी फोरमन असा खेकसला की मला वाटलं, नोकरी गेली. "अकेला तो जानवर खाता है! यल्ला, इधर बैठो!" दंडाला धरून त्यांनी मला भाताच्या परातीपुढं बसवलं. भोवती आठ येमेनी हमाल. तात्या मटण बोटांनी तोडून प्रत्येकापुढं सारायचे आणि स्वतःला हाड ठेवायचे. थेट माझ्या चुलत्यांसारखे कुरकुरत वाढायचे, म्हणून आम्ही मराठी पोरांनी त्यांना तात्या करून टाकलं.

लेकीचा विषय निघाला की मात्र हा राकट माणूस विरघळायचा. ती एडनला शाळेत शिकवायची, जावई तिथल्या फौजेत. "हमारा बेटी किसीसे नहीं डरता, हमसे भी नहीं," हे त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवलं असेल.

चौऱ्याण्णव साली येमेनचं उत्तर आणि दक्षिण एकमेकांवर उठलं. दोन्हींचा एक देश होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. गोदामात एका परातीच्या दोन झाल्या, एक उत्तरेकडच्यांची, दुसरी दक्षिणेच्या एडनवाल्यांची. तात्यांचं गाव जुन्या सीमेजवळ, दक्षिणेच्या हद्दीत, म्हणून ते एडनवाल्यांत बसले. काही दिवसांनी रेडिओवर बातमी आली. तात्यांच्या गावच्या पट्ट्यातले म्होरके उत्तरेला मिळाले होते आणि त्यांनी उत्तरेच्या फौजेला एडनकडं वाट दिली होती.

दुसऱ्या दिवशी एडनवाल्यांनी तात्यांना जागा केली नाही. उत्तरेकडचे हाका मारत होते, "आओ हबीबी, तुम तो अपना आदमी!" तात्या कुठंच गेले नाहीत. रॅकमागं बसून कोरडी रोटी खाऊ लागले. मला ते बघवेना. डबा घेऊन मी शेजारी बसलो आणि गाढवासारखं विचारलं, "आपका गाव किस तरफ है, तात्या?"

"रेडिओ को मालूम. हमको किसने पूछा?"

मग एडन पडलं. फोन कित्येक दिवस बंद होते. लागला त्या दिवशी मी बूथबाहेर उभा होतो. तात्या आत फार थोडं बोलले. बाहेर आले ते भिंतीला टेकूनच बसले.

"दामाद खलास," ते म्हणाले. "बेटी पूछती है, वो लोग किसके गाव से आया."

मी म्हटलं, "आप तो इधर थे, तात्या. आपने क्या किया?"

"गाव तो मेरा है ना."

महिन्याभरात त्यांनी व्हिसा रद्द केला. मी म्हटलं, आधी गावाकडं जा, भावांना भेटा. ते मानेनंच नाही म्हणाले. "पहले एडन. उसके दरवाजे पर बैठेगा. खोलेगी तो अंदर, नहीं खोलेगी तो बाहर." मिठी मारताना त्यांच्या दाढीचे खुंट माझ्या गालाला टोचले, आणि मला रडू आवरलं नाही.

पुढच्या वर्षी एक एडनवाला सुट्टीवरून परतला. तात्यांचं काय झालं, हे मी त्याला सामान उतरवायच्या आधीच विचारलं. तो म्हणाला, लेकीनं तिसऱ्या दिवशी दार उघडलं. बापाशी ती अजून एक शब्द बोलत नाही. पण शाळेत निघताना आपल्या तान्ह्या लेकराला त्यांच्या मांडीवर ठेवून जाते.