सरळ वाचता येणारी सही

ताईचा फोटो शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात लावायला मी नकार दिला आहे. ती जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत, त्यामुळे लोक मला समजून घेतात. दुःखात माणूस असंच वागतं, म्हणतात. त्यांनी मला समजून घेऊ नये. मी विचार करून नाही म्हटलं आहे.

फोटोत ताई चित्र टेकवायच्या लाकडी घोडीसमोर उभी आहे, मागे फळा आहे आणि ब्रश तिच्या उजव्या हातात आहे. माझी मोठी बहीण डावखुरी होती. लहानपणी जेवताना आई तिचा डावा हात फडक्याने कमरेशी बांधून ठेवायची. जेवायला, लिहायला ती उजव्या हाताने शिकली. चित्रं मात्र इतवारीतल्या आमच्या घरी, दार लोटून, डाव्या हाताने काढायची. पुढे मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई झाली, तेव्हा फळ्यावर उजव्या हाताने काढू लागली. ती रेघ थरथरायची आणि मुली हसायच्या. फोटोग्राफरने ब्रश कोणत्या हातात धरायचा ते सांगितलं, तिने ऐकलं. हे सगळं त्या माहितीपटाच्या आधीचं.

त्या काळी थिएटरात पिक्चरच्या आधी सरकारी माहितीपट दाखवायचा नियम होता. लोक तेवढा वेळ बाहेर शेंगदाणे खात उभे राहत. एका शनिवारी शाळेतल्या बायांबरोबर ताई पिक्चरला गेली, तर माहितीपट एका म्हाताऱ्या चित्रकारावर होता. तो डाव्या हाताने रंगवत होता.

"मी आजवर कुणाला चित्र काढताना पाहिलंच नव्हतं गं," घरी आल्यावर ती मला म्हणाली. खरंच होतं ते. ती छापील चित्रांवरून शिकली होती, आणि छापील चित्रात हात कुठे दिसतो?

सोमवारी शाळेत तिने हे सांगितलं, तर शिवणाच्या बाई म्हणाल्या, "रीळ उलटं लावलं असेल. उलट्या रिळात सगळे डावखुरेच दिसतात."

 दोन दिवसांनी ताईला आठवलं, की शेवटी म्हातारा चित्रावर सही करायला वाकला होता. नेमकी तेव्हाच बाहेरची माणसं आत शिरली आणि पडदा झाकला गेला. सहीची अक्षरं सरळ दिसली, तर रीळ सरळ आणि हातही डावाच. शुक्रवारी माहितीपट बदलायचा. गुरुवारी ती मला घेऊन निघाली.

त्या दिवशी थिएटर खचाखच भरलं होतं. दिवे मालवले आणि एकदम पिक्चरच सुरू झाला. माहितीपट त्यांनी गाळला होता. मी ताईकडे पाहिलं, तर तिची खुर्ची रिकामी. ती बाजूच्या पायऱ्यांनी पडद्यासमोरच्या ओट्यावर चढली होती. हिरोच्या पांढऱ्या शर्टावर तिची सावली पडली, अंबाड्यासकट.

"ओ बाई, बस ना वं खाली! हिरो दिसून नाही राहिला!"

"मास्तरीन दिसते. शाळा सुटली वं बाई, घरी जा!"

शिट्ट्या सुरू झाल्या. ताई वर्गात नीट बोलता न येणारी बाई. हात बांधून उभी राहिली, एवढंच. पिक्चर थांबला, दिवे लागले, मॅनेजर धावत आला.

"काहून तमाशा करून राहिल्या, मॅडम? पब्लिक कुर्च्या तोडतीन ना!"

"तिकिटात माहितीपटही आहे. तो दाखवा."

"ते सरकारी रीळ कोण पाहते? उद्या दुसरं लागन, ते पाहा."

"मला आजचंच पाहिजे."

"अहो, त्या म्हाताऱ्याले पाहून काय करता?"

"त्याची सही पाहायची आहे."

"मंग बँकेत जा ना वं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं थिएटर हसलं. मलाही हसू आलं. ताई हसली नाही आणि हललीही नाही.

शेवटी पुढच्या रांगेतला एक पैलवानासारखा माणूस उठला. "दाखवून टाक ना गा, मॅनेजर. नाही तं ही बाई पूर्ण पिक्चरभर हिरोईन राहीन."

माहितीपट लागला. ताई ओट्यावरून उतरून पहिल्या रांगेच्या कडेला उभी राहिली. गंमत अशी, की आता सगळेच सहीची वाट पाहत होते. म्हाताऱ्याने ब्रश धुतला तरी लोक ओरडत, "आता करते! आता करते!" मग तो खरंच वाकला. डाव्या हाताने कोपऱ्यात देवनागरीत नाव लिहिलं.

"आली वं बाई सही!" बाल्कनीतून आवाज आला.

अक्षरं सरळ होती.

ताई मला घेऊन बाहेर पडली. पिक्चर पाहायची माझी फार इच्छा होती, पण तिला त्यात रस नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने खडू डाव्या हातात घेतला. तेव्हाच्या मुख्याध्यापिका चिडल्या, पालकांनी तक्रारी केल्या, आत्याने अशुभ म्हणून तोंड फिरवलं. ताईने खडू हात बदलून धरला नाही, शेवटच्या तासापर्यंत नाही. तिच्या वर्गात कुठल्याच मुलीला हात बदलायला सांगितलं गेलं नाही.

आणि आता हा फोटो. हल्लीच्या मुख्याध्यापिका भल्या आहेत. फोटो घेऊन घरी आल्या आणि माझं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मग उलटा छापून घेऊ. स्टुडिओवाला म्हणतो, ब्रश डाव्या हातात येईल."

"मागच्या फळ्यावर लिहिलेलं उलटं होईल."

"ते कोण वाचतं हो?"

"मी वाचते. तीही वाचायची."

फोटो मी त्यांच्या हातात परत दिला आणि आतून ताईचं एक चित्र आणून दाखवलं. आमच्या गल्लीतली हातगाडी आहे, भांड्यांनी लादलेली. कोपऱ्यात तिची सही आहे, डाव्या हाताची. वर्गात हे लावा, नाहीतर भिंत रिकामी ठेवा, असं मी सांगितलं आहे. तिसरं काही मी लावू देणार नाही.